रोममधले 'विटांचे ढीग': कोलोसियम सोडून बघण्यासारखं काही आहे की नाही?

अनवाणी
'दहा दिवसांत युरोप'च्या चर्चेत कर्जतकरांनी लिहिलंय, "रोमला एक दिवस पुष्कळ. कोलोसियम बाहेरून बघा, फोटो काढा, सुटा. फोरम, म्हणजे जुन्या रोमचा मुख्य चौक, तिथे नुसते विटांचे ढीग नि मोडके खांब, त्यासाठी उन्हात कोण भाजून घेणार?" त्यावर धडाधड +१ पडलेत. राहवलं नाही, म्हणून वेगळा धागा.

एक तर कोलोसियमच्या तिकिटातच फोरम आणि पॅलाटाइन टेकडी येते. बाहेरून फोटो काढून सुटणाऱ्याला हे कळणारच नाही म्हणा. दुसरं, त्या विटा उघड्या का पडल्या? वरचा संगमरवर मध्ययुगात भट्टीत जाळून चुना केला, उरलेला चर्च आणि वाडे बांधायला नेला. कोलोसियमच्या दगडांवरची भोकं बघितलीत? दगड सांधणारं लोखंड लोकांनी तिथून उकरून काढलंय. दक्षिणेची बाजू १३४९ च्या भूकंपात पडली, तो दगडही शहरभर वाटला गेला. रोमची मोडतोड रोमनेच केली, आणि ती वाचता आली तर फोरममध्ये दिवस जातो.

पण खरा घोळ क्रमाचा आहे. आधी ओस्तिया आंतिकाला जा. टायबरच्या मुखावरचं जुनं बंदर. गाळाने समुद्र लांब गेला, गाव ओस पडलं, म्हणून वाचलं. पिरामिदे मेट्रोला लागून लोकल सुटते, शहराचं साधं तिकीट चालतं. तिथे माडीवर माडी चढवलेल्या भाड्याच्या चाळी आहेत, दगडी काउंटरचं उपाहारगृह आहे आणि भिंतीवर तिथल्या खाण्याचं चित्र. सार्वजनिक शौचालयात शेजारी शेजारी बसून गप्पा मारायची सोय आहे. व्यापाऱ्यांच्या चौकात प्रत्येक गाळ्यापुढे मोझॅक: कुठे जहाज, कुठे हत्ती. हे बघून फोरमला गेलात की त्याच विटा ओळखीच्या वाटतात.

कर्जतकर
माझं नाव घेऊन धागा! धन्य झालो. आता तुम्ही गाळलेलं सांगतो. जुलै महिना, बरोबर आई, वय ६८, दोन्ही गुडघे गेलेले. टूरवाल्याने कोलोसियमसमोर उतरवून सांगितलं, वीस मिनिटांत बसमध्ये. फोरमच्या त्या काळ्या ओबडधोबड दगडांवरून आईला नेऊ? चुन्याच्या भट्ट्यांचा इतिहास ऐकवू? एकट्याने पाठीवर सॅक टाकून फिरणाऱ्यांनी कुटुंबवाल्यांना रसिकता शिकवू नये.

मुक्कामपोस्ट_मिलान
कर्जतकर, राग रोमवर आहे की टूरवाल्यावर? वीस मिनिटांत शनिवारवाडासुद्धा बघून होत नाही. आमचे नातेवाईक दर उन्हाळ्यात असेच येतात आणि 'काही खास नाही' म्हणून जातात. दुपारी बारा ते चार तिथे रोमन माणूसही बाहेर पडत नाही. नळ जागोजागी वाहत असतात, पाणी पिण्याजोगं आणि फुकट, तरी आपली मंडळी बाटल्या विकत घेतात.

अनवाणी, तुम्हीही अर्धंच सांगितलंत. ओस्तिया सोमवारी बंद असतं. आणि फुकटातलं सगळ्यात भारी विसरलात, जलवाहिन्यांचं उद्यान. मेट्रो ए धरून जुलिओ अग्रिकोला स्टेशनला उतरा, थोडं चाललं की सम्राट क्लॉडियसच्या काळातल्या जलवाहिनीच्या कमानी रांगेने उभ्या. खाली लोक कुत्री फिरवतात, पोरं फुटबॉल खेळतात. रविवारी आप्पिया हा जुना रोमन रस्ताही गाड्यांना बंद असतो, सायकल भाड्याने घ्या. पण यातलं काहीही 'दहा दिवसांत युरोप'मध्ये बसत नाही.

चुना_लगाव_के
पॅन्थिऑनचं, त्या जुन्या रोमन देवळाचं, नाव कुणीच कसं घेतलं नाही? ४३.३ मीटर व्यासाचा घुमट, आत एक सळई नाही, साधारण १९०० वर्षं उभा. वर चढत जाताना काँक्रीटमधली खडी हलकी करत नेलीय, माथ्याला चक्क प्युमिस, ज्वालामुखीचा हलका सच्छिद्र दगड. आणि आमच्याकडे उद्घाटनाचा नारळ सुकायच्या आत पुलाला भगदाड! आमच्या सोसायटीची गच्ची नवी असल्यापासून गळतेय. त्या लोकांना जमलं ते आपल्या इंजिनिअरांना का जमत नाही, यावर बोला. गुडघे नंतर बघू.

साइटवरचा_माणूस
आलं! याचीच वाट बघत होतो. अहो, पडलेल्या रोमन इमारतींना तिकीट नसतं, म्हणून त्या तुम्हाला दिसत नाहीत. रोमच्या जवळच फिडेनी इथे इसवी सन २७ मध्ये एक लाकडी अँफिथिएटर, कोलोसियमसारखंच खेळांचं प्रेक्षागृह, खचाखच भरलेलं असताना कोसळलं. रोमन इतिहासकार टॅसिटसने मेलेले-जखमी मिळून ५० हजारांचा आकडा दिलाय. पाया कच्चा, बांधणारा पैशाच्या मागे. ओळखीचं वाटतंय ना? भाड्याच्या चाळीही पडायच्या.

पॅन्थिऑनची भिंत ६ मीटर जाड आहे. तुमच्या टू बीएचकेला ६ मीटरच्या भिंती घालतो, पलंग कुठे टाकणार ते सांगा. घुमट दाबावर उभा राहतो. पुलाला ताण येतो, म्हणून सळई लागते आणि सळई गंजते. इतकं सोपं आहे.

चुना_लगाव_के
सोपं आहे तर गच्ची का गळते? २०२३ मध्ये एमआयटीच्या लोकांनी दाखवलंय की रोमन काँक्रीटमध्ये चुन्याचे पांढरे खडे असतात, चीर पडून पाणी शिरलं की तोच चुना विरघळून चीर भरतो. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी आपोआप दुरुस्त होणारा माल होता, आणि आमचा कंत्राटदार 'साहेब, थोडी ओल येणारच' म्हणतो.

साइटवरचा_माणूस
तो पेपर वाचलाय. त्यात भरलेली चीर अर्ध्या मिलिमीटरची होती. तुमच्या गच्चीत हात जात असेल. आणि रोमन लोकांना ज्वालामुखीची राख फुकटात पायाशी होती. तुमच्या कंत्राटदाराच्या पायाशी काय असतं ते मी इथे लिहीत नाही. पंचवीस वर्षं साइटवर काढली, रात्री दोनला स्लॅब ओतलेत. कुणीही उठावं नि 'रोमन लोक बघा' म्हणावं? एक दिवस हेल्मेट घालून या.

अनवाणी
लोकहो, धागा रोमवर आहे. गच्चीसाठी वेगळा काढा.

तेरकर
रोमवरच बोलतो. पॉम्पेईत सापडलेली भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती बघायला नेपल्सच्या संग्रहालयात जाता ना? तिच्या घराण्यातल्या मूर्ती आपल्या तेरला आणि भोकरदनला मिळाल्यात. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेला पोसायडन या समुद्रदेवाचा रोमन ब्राँझ पुतळा टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे. इथल्या किती जणांनी बघितलाय? ओस्तियाच्या चौकातला हत्ती दिसला की गहिवरायचं, आणि रोमन व्यापाराचं एक टोक धाराशिवजवळ तेरला आहे, तिकडे पाठ. आणि कर्जतकर, तेरचं त्रिविक्रम मंदिर विटांचंच आहे बरं. तेही 'ढीग' का?

कर्जतकर
तेरला जाऊन आलोय, आभारी आहे. गोरोबाकाकांच्या दर्शनाला आईलाच घेऊन गेलो होतो, त्रिविक्रमही बघितला. तिथे कुणी वीस मिनिटांची शिट्टी मारली नाही, म्हणून नीट बघितला. झालं समाधान? घ्या, विटांना दोष नाही, शिट्टीला आहे. पण माझा मुद्दा उरतोच. ज्याच्याकडे एकच दिवस आहे आणि बरोबर म्हातारं माणूस आहे, त्याने तुमचं ओस्तिया डोक्यावर घ्यायचं का?

मुक्कामपोस्ट_मिलान
नाही. ओस्तियात आईंचे हाल होतील, तिथली फरसबंदीही खडबडीत आहे. कोलोसियममध्ये वर जायला लिफ्ट आहे. नंतर टॅक्सीने पॅन्थिऑन, आत सपाट चालणं, तिकीट २०२३ मध्ये ५ युरो होतं. वाटेत लार्गो आर्जेंतिना, सीझरला मारलं ती जागा. रस्त्यावरून वाकून बघितलं तरी चालतं, त्या अवशेषांत राहणारी मांजरं फुकट. जुलै मात्र सोडा, नोव्हेंबर धरा.

अनवाणी
म्हणजे कोलोसियम आतून! मी आणखी काय म्हणत होतो?

कर्जतकर
तुम्ही फोरममध्ये दिवस घालवा म्हणत होतात. वर आहे, वाचा.

चुना_लगाव_के
पॅन्थिऑनच्या माथ्याला साधारण ९ मीटरचं उघडं भोक आहे. पाऊस थेट आत. तरी इमारत धडधाकट. आणि आमची बंद गच्ची...

साइटवरचा_माणूस
कारण त्या फरशीला ढाळ आहे आणि पाणी जायला खाली भोकं आहेत! तुमच्या गच्चीवर टाइल बसवताना ढाळ कुणी मोडला, आणि पावसाळी पाइपच्या तोंडावर कुंड्या कुणी मांडल्या, ते आधी विचारा. फोटो टाका, सांगतो.

चुना_लगाव_के
कुंड्या सेक्रेटरीच्या आहेत. त्यावर वेगळा धागा काढतोय.