संसार सांभाळून चित्रकार होताना

प्रश्न: इंदूरच्या आमच्या दोन खोल्यांत मुले लहान असताना मी जलरंगांकडे वळले, कारण तैलरंग वाळायला दिवसचे दिवस लागत आणि टर्पेंटाइनचा वास मुलांच्या अंथरुणापर्यंत जाई. संसारातली ती वर्षे मला प्रियच आहेत. मात्र आता, साठीच्या उंबरठ्यावर, मोठे कॅनव्हास हाती घ्यावेत का?

प्रतिसाद १: ताई, अवश्य घ्या. आपल्याच इंदुरात १९१० साली जन्मलेले चित्रकार ना. श्री. बेंद्रे देवळालीकर मास्तरांकडे शिकले, १९५० पासून बडोद्याच्या ललित कला विद्याशाखेत त्यांनी पिढी घडवली आणि १९६६ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, ती नोकरी सोडून ते पूर्णवेळ चित्रांकडे वळले. त्यांची बिंदुवादी, म्हणजे रंगांच्या ठिपक्यांनी साकारलेली, चित्रे मी आवर्जून पाहतो.

प्रतिसाद २: माझ्या मते वयापेक्षा जागेचा प्रश्न मोठा आहे. सासूबाईंनी देवघराशेजारची खोली मला दिली, तेव्हाच माझ्या कामाला घरात मान मिळाला. उत्तरेची खिडकी असेल तर उत्तम, कारण तिथला उजेड दिवसभर फारसा बदलत नाही. तैलरंगात आधी पातळ थर, मग तेलकट, हा क्रम पाळा. अन्यथा पृष्ठभागाला भेगा पडतात.

प्रश्नकर्ती: मुलीची खोली उत्तरेलाच आहे. तिला आजच विचारते.