मदत हवी आहे : युरोपातील नैसर्गिक वायूच्या मासिक आकडेवारीचा मेळ बसत नाही

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापुरातील एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. युरोपीय संघाने 2022-23 च्या हिवाळ्यात नैसर्गिक वायूचा वापर कसा कमी केला, या विषयावर गेले वर्षभर मी एक दीर्घ निबंध लिहीत आहे. 5 ऑगस्ट 2022 रोजी संघाने एक नियम केला. ऑगस्ट 2022 ते मार्च 2023 या आठ महिन्यांत प्रत्येक देशाने आपला वापर मागील पाच वर्षांच्या त्याच महिन्यांच्या सरासरीपेक्षा 15 टक्क्यांनी कमी करावा, असे उद्दिष्ट त्यात ठरवले होते. पुढे युरोस्टॅटने, म्हणजे लक्झेंबर्ग येथील संघाच्या सांख्यिकी कार्यालयाने, प्रत्यक्ष कपात 17.7 टक्के झाल्याचे जाहीर केले. हा आकडा उद्धृत करणे सोपे आहे, परंतु विद्यार्थ्यांसमोर उभे राहायचे तर तो स्वतः काढून पाहिलेला असावा, असे मला वाटते. तेथेच मी अडकले आहे.

मला आतापर्यंत जे समजले आहे, ते आधी सांगते, म्हणजे चूक मुळातच असेल तर ती दाखवून देता येईल. युरोस्टॅट स्वतः कुठलेही मीटर वाचत नाही. पूर्वी ऊर्जेची माहिती देशोदेशींच्या सामंजस्यावर गोळा होत असे. 22 ऑक्टोबर 2008 च्या नियमाने (क्रमांक 1099/2008) ती कायद्याने बंधनकारक झाली. प्रत्येक देशात ती गोळा करणारे कार्यालय मात्र वेगळे असते. नेदरलँड्समध्ये ते राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय करते, फ्रान्समध्ये मंत्रालयातील सांख्यिकी विभाग, ऑस्ट्रियात वीज व वायूसाठी नियामक संस्था, आणि आयर्लंडमध्ये शाश्वत ऊर्जा प्राधिकरण. हे सगळे एकाच नमुन्याच्या प्रश्नावल्या भरतात आणि त्यातील बऱ्याच प्रश्नावल्या पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेशी समाईक आहेत.

आता माझ्या अडचणी सांगते.

पहिली अडचण अशी की, मी नेदरलँड्सचे 2021 चे बारा महिन्यांचे वायूवापराचे आकडे टेराज्यूलमध्ये (हे ऊर्जेचे एकक) घेऊन त्यांची बेरीज केली आणि ती वार्षिक ऊर्जा ताळेबंदातील आकड्याशी ताडून पाहिली. वार्षिक आकडा मासिक बेरजेच्या सुमारे 0.90 पट निघाला. कुठला महिना सुटला असेल म्हणून पुन्हा बेरीज केली, मग 2019 आणि 2020 घेऊन पाहिले. दोन्ही वेळा गुणोत्तर पुन्हा 0.90 च्या आसपासच आले. दहा टक्के वायू दर वर्षी इतक्या नेमाने हरवणे शक्य नाही, हे मला कळते, पण तो जातो कुठे ते कळत नाही.

दुसरी अडचण, मासिक तक्त्यात देशांतर्गत वापराचे दोन रकाने आहेत. एक ‘निरीक्षित’ आणि दुसरा ‘गणित’, म्हणजे हिशेबाने काढलेला. दोहोंमधील फरक कधी नगण्य असतो, कधी ठळक, तर कधी त्याचे चिन्हच उलटे होते. मी कोणता रकाना धरावा?

तिसरी, जर्मनीत वायूवर किती वीज तयार झाली, हे पाहताना पारेषण कंपन्यांच्या युरोपीय संघटनेच्या पारदर्शकता संकेतस्थळावरचे तासातासाचे आकडे मी महिन्याला जोडले, तेव्हा ते युरोस्टॅटच्या मासिक आकड्यापेक्षा बरेच कमी भरले. दोन्ही स्रोत अधिकृत असताना असे का व्हावे?

आपल्यापैकी काहीजण तिकडेच नोकरीला आहेत, म्हणून हा धागा काढला. थोडे सविस्तर लिहिलेत तर फार उपकार होतील.

प्रतिसाद 1

ताई, नमस्कार. मध्य युरोपातील एका वायू-पुरवठादार कंपनीत मी आठ वर्षे हाच मासिक तक्ता भरत होतो, त्यामुळे पहिल्या दोन प्रश्नांविषयी अनुभवाने लिहितो. तिसऱ्याविषयी विजेतील जाणकारांनी सांगावे.

तुमचा वायू कुठेही हरवलेला नाही. तो दोन वेगवेगळ्या मापांनी मोजलेला आहे. मिथेन जळताना पाण्याची वाफ तयार होते. ती वाफ थंड होऊन पुन्हा पाणी होताना जी उष्णता परत मिळते ती धरली तर ग्रॉस उष्मांक मूल्य, आणि ती सोडून दिली तर नेट उष्मांक मूल्य. नैसर्गिक वायूत नेट मूल्य ग्रॉसच्या साधारण 90 टक्के असते, तर कोळशात हा फरक पाच टक्क्यांच्या आसपास असतो. युरोपात वायूची खरेदी-विक्री ग्रॉस मूल्यावर होते, म्हणून मासिक प्रश्नावलीही ग्रॉस टेराज्यूलमध्ये असते. वार्षिक ऊर्जा ताळेबंदात मात्र कोळसा, तेल आणि वायू यांची एकत्र बेरीज करायची असते, त्यामुळे तेथे सर्व इंधने नेट मूल्यावर आणली जातात. तुमचे गुणोत्तर तिन्ही वर्षी जवळपास तेच आले, हाच त्याचा पुरावा आहे. भरण्यातल्या चुका वर्षागणिक बदलतात, व्याख्येतला फरक मात्र दर वर्षी त्याच प्रमाणात दिसतो. युरोस्टॅटकडे वायूचा स्वतंत्र वार्षिक तक्ताही असतो आणि त्यात ग्रॉस टेराज्यूल मिळतात. तुमची मासिक बेरीज त्याच्याशी ताडून पाहा.

असाच एक सापळा घनमीटरमध्येही आहे आणि त्यात मी स्वतः सापडलो होतो. प्रश्नावलीतला घनमीटर 15 अंश सेल्सिअस तापमानाचा असतो, तर आमच्या मीटरचा होता 0 अंशाचा. तोच वायू 15 अंशांना सुमारे 5.5 टक्के जास्त जागा व्यापतो, कारण 288.15 भागिले 273.15 केले की 1.055 येतात. एका महिन्यात रूपांतर करायचे माझ्याकडून राहून गेले आणि चौथ्या दिवशी सांख्यिकी कार्यालयातून फोन आला. त्यांनी माझ्याच टेराज्यूलना माझ्याच घनमीटरने भागून पाहिले होते, आणि घनमीटरमागे 38 मेगाज्यूलच्या आसपास येणारे उत्तर 40 च्या वर गेले होते. नेदरलँड्सचा अभ्यास करताना तर याकडे अधिकच लक्ष द्या. तेथे ग्रोनिंगन या डच वायूक्षेत्राच्या कमी उष्मांकाच्या वायूवर आधारलेला 35.17 मेगाज्यूलचा प्रमाण घनमीटर हिशेबात वापरतात, आणि तो 0 अंशाचा असतो. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की वायूचा अभ्यास घनमीटरमध्ये करूच नये, टेराज्यूलमध्येच करावा.

आता तुमच्या दोन रकान्यांविषयी. ‘गणित’ वापर म्हणजे उत्पादन अधिक आयात, वजा निर्यात, वजा साठ्यात पडलेली भर. ‘निरीक्षित’ वापर म्हणजे ग्राहकांना पोहोचवल्याचे पुरवठादारांनी आणि जाळे चालवणाऱ्यांनी कळवलेले आकडे. पहिल्यातील बहुतेक घटक मोठ्या मीटरवर मोजलेले असतात, जसे की सीमेवरचे केंद्र, द्रवरूप वायूचे बंदर किंवा भूमिगत साठवण. दुसऱ्यातला मोठा भाग घरांचा असतो, आणि घरांचे मीटर पुष्कळ देशांत पिढ्यान्‌पिढ्या वर्षातून एकदाच वाचले जात आले आहे. मग जानेवारीत एखाद्या घराने किती वायू जाळला, हे तापमान आणि ठरावीक वापर-आलेख यांवरून अंदाजाने काढतात. त्याशिवाय वाहिन्यांमध्ये दाबाखाली भरून राहिलेला वायू महिन्याच्या अखेरीस कमी-अधिक होतो. वायूचा दिवसही मध्यरात्री सुरू होत नाही. मध्य युरोपात तो सकाळी सहाला सुरू होतो, त्यामुळे आमचा महिनासुद्धा एक तारखेच्या सकाळी सहापासून मोजला जात असे.

साठवणीचे एक उदाहरण देतो, कारण गोंधळ बहुधा तेथेच होतो. हायडाख येथील भूमिगत साठवण ऑस्ट्रियाच्या भूमीवर आहे, पण 2022 पर्यंत ती फक्त जर्मनीच्या जाळ्याला जोडलेली होती. साठा ज्या देशाच्या भूमीवर असेल त्या देशाचा, असा नियम धरला, तर जर्मनीतून तिच्यात वायू भरणे म्हणजे ऑस्ट्रियाची आयात आणि त्याच वेळी ऑस्ट्रियाच्या साठ्यातील भर. दोन्ही नोंदी बरोबर पडल्या तर वापरावर काहीच परिणाम होत नाही. एक पडली आणि दुसरी राहिली, तर संपूर्ण देशाचा ‘गणित’ वापर फुगतो किंवा आटतो, आणि वाचणाऱ्याला वाटते की लोकांनी अचानक घरे तापवायला सुरुवात केली.

माझे मत विचाराल तर देशादेशांच्या तुलनेसाठी ‘गणित’ रकाना धरा, परंतु 2022-23 साठी एक आणि मागील पाच वर्षांसाठी दुसरा असे कदापि करू नका. आठ महिन्यांच्या आठ टक्केवाऱ्या काढून त्यांची सरासरीही घेऊ नका. ऑगस्टपेक्षा जानेवारीचे वजन कितीतरी जास्त असते. आठ महिन्यांची बेरीज आधी, टक्केवारी नंतर.

आणखी एक गोष्ट. तेल आणि वायूची सविस्तर मासिक प्रश्नावली महिना संपल्यानंतर 55 दिवसांत पाठवायची असते, तर सौदी अरेबियातील रियाध येथून समन्वय होणाऱ्या ‘जोडी’ या तेल-वायूच्या आकडेवारीच्या जागतिक उपक्रमासाठीचे थोडक्यातले आकडे साधारण 25 दिवसांतच द्यावे लागतात. ज्या पुरवठादाराची माहिती तोवर आलेली नसते, त्याच्या जागी अंदाज बसतो आणि पुढे तो दुरुस्त होतो. म्हणून आकड्याशेजारचे बारीक अक्षर वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. ते तात्पुरत्या, अंदाजित आणि गोपनीय आकड्यांसाठी वेगवेगळे असते. गोपनीय आकडा म्हणजे शून्य नव्हे. एखाद्या देशात दोन-तीनच कंपन्या असतील तर त्यांचा धंदा उघडा पडू नये म्हणून रकाना झाकलेला असतो. संगणकाच्या तक्त्यात ती रिकामी जागा शून्य म्हणून बेरजेत गेली की पुढचे सगळे चुकते.

प्रतिसाद 2

तिसऱ्या प्रश्नाविषयी थोडेसे. पारदर्शकता संकेतस्थळ 2013 च्या एका वेगळ्या नियमाने (क्रमांक 543/2013) आले आणि 2015 च्या जानेवारीपासून चालू आहे. ते वीजबाजारातील व्यवहारांसाठी आहे. त्यामुळे पारेषण कंपन्यांना सार्वजनिक जाळ्यात जे दिसते, तेच प्रामुख्याने तेथे येते. जर्मनीत रसायन, कागद अशा उद्योगांची स्वतःची वायूवर चालणारी केंद्रे आहेत. ती वाफही तयार करतात आणि वीजही, आणि ती वीज कारखान्याच्या कुंपणाबाहेर येतेच असे नाही. जर्मन रेल्वेचे 16.7 हर्ट्झचे स्वतंत्र जाळेही आहे, आणि तेही सार्वजनिक जाळ्याहून वेगळे चालते. युरोस्टॅटच्या आकड्यात उद्योगांची स्वतःसाठीची निर्मितीही अभिप्रेत असते. म्हणूनच वायूच्या बाबतीत तफावत विशेष मोठी दिसते, पवनऊर्जेत तितकी दिसत नाही. छपरांवरच्या सौरपटांची गोष्ट आणखी निराळी आहे, कारण घरातल्या घरात वापरलेली वीज जाळ्यात येतच नाही.

आणखी एक तपासा. मासिक तक्त्यातली निर्मिती ‘नेट’ असते, म्हणजे केंद्राने स्वतःसाठी वापरलेली वीज वजा करून. येथे ‘नेट’ या शब्दाचा वरच्या उष्मांक मूल्याशी काहीही संबंध नाही. दोन्हीकडे शब्द तोच असल्याने मी नवखा असताना एका अहवालात हे दोन अर्थ एकमेकांत मिसळले होते. तुमच्या निबंधात वायूचा वापर हाच विषय असेल, तर विजेवरून मागे वायूपर्यंत जाण्यापेक्षा मासिक वायू-तक्त्यात वीजकेंद्रांना दिलेल्या वायूची वेगळी ओळ आहे, ती थेट घ्या.

धागाकर्तीचा प्रतिसाद

आपणा दोघांचे मनापासून आभार. काल रात्री ग्रॉस मूल्याचा वार्षिक तक्ता उतरवून पुन्हा ताळा घेतला. 0.90 चे गुणोत्तर नाहीसे झाले आणि उरलेला फरक इतका लहान आहे की तो नंतरच्या दुरुस्त्यांचा असावा. जवळजवळ तीन आठवडे मी बेरजेतली चूक शोधत होते.

गोपनीय रकान्यांविषयी दिलेला इशारा तर अगदी वेळेवर आला. माझ्या तक्त्यात दोन देशांच्या रिकाम्या जागा खरोखरच शून्य म्हणून बेरजेत गेल्या होत्या. आठ टक्केवाऱ्यांची सरासरीही मी काढलेली होती. तीही आता बेरजेवरून नव्याने मांडत आहे.

एकच शंका उरली आहे. पाच वर्षांची सरासरी मी मागच्या वर्षी उतरवलेल्या फायलीतून घेतली होती आणि 2022-23 चे आकडे या महिन्यात घेतले. मधल्या काळात जुन्या महिन्यांतही दुरुस्त्या झाल्या असतील, तर दोन्ही बाजू एकाच दिवशी पुन्हा उतरवून घेणे योग्य ठरेल ना?

प्रतिसाद 1 लिहिणारे

होय ताई, दोन्ही एकाच दिवशी घ्या आणि ती तारीख तक्त्याखाली लिहा. वार्षिक प्रश्नावली पक्की झाली की पुष्कळ देश त्या वर्षाचे बाराही महिने मागे जाऊन सुधारतात. आमच्या कार्यालयात तर दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीचा आकडाही आम्ही बदलून पाठवला आहे, कारण एका वितरकाचे वार्षिक मीटरवाचन तेव्हाच हाती आले होते.