मानेच्या मणक्याची शस्त्रक्रिया: नसांचे काम तपासणारे यंत्र लावावे का?

प्रश्नकर्ता: पूर्णाकाठ

आमचे वडील 62 वर्षांचे असून परभणी जिल्ह्यात शेती करतात. गेल्या वर्षभरात त्यांच्या हातांची पकड कमी होत गेली आहे. सदऱ्याची बटणे लावता येत नाहीत, आणि सरीतून चालताना पायातली चप्पल निसटून मागे राहिली तरी त्यांना ते कळत नाही. एमआरआयमध्ये मानेच्या चौथ्या ते सहाव्या मणक्यांच्या दरम्यान दोन ठिकाणी मज्जारज्जू दबलेला दिसतो. छत्रपती संभाजीनगर येथील शल्यचिकित्सकांनी गळ्याच्या पुढच्या बाजूने दोन चकत्या काढून मणके जोडण्याचा सल्ला दिला आहे. शस्त्रक्रिया चालू असताना मज्जारज्जूचे काम सतत तपासणारे यंत्र लावावे, असेही त्यांनी सुचवले असून त्याचा खर्च वेगळा आहे. पाहुणेमंडळी म्हणतात की मानेला हात लावला की माणूस खाटेला खिळतो. यंत्र लावल्यास तो धोका टळतो का, आणि आमच्यासारख्या रुग्णाला ते खरोखर आवश्यक आहे का, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर: भूलशास्त्र_लातूर

आधी पाहुण्यांच्या बोलण्याविषयी. आपण वर्णन केलेली लक्षणे मज्जारज्जूवरील दाबाची आहेत, आणि हा दाब तसाच राहिल्यास बहुतेकांचे चालणे पायरी-पायरीने बिघडत जाते. त्यामुळे शस्त्रक्रियेचा धोका मोजताना ती न करण्याचा धोकाही शेजारी मांडला पाहिजे.

आता यंत्राविषयी. रुग्णाला भूल दिलेली असताना त्याचे हातपाय चालतात की नाही हे कळायला पूर्वी एकच मार्ग होता, तो म्हणजे शस्त्रक्रिया मध्येच थांबवून भूल हलकी करणे आणि रुग्णाला पाय हलवायला सांगणे. फ्रान्समधील स्टान्यारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही चाचणी 1973 मध्ये मांडली. मात्र तिच्यातून फक्त त्या एका क्षणाचे उत्तर मिळत असे. आजच्या यंत्रात प्रामुख्याने दोन मार्ग तपासले जातात. मनगटाजवळच्या आणि घोट्याजवळच्या नसेला विजेचे सौम्य झटके देऊन ते संदेश मज्जारज्जूतून मेंदूपर्यंत पोहोचतात का, हे डोक्यावरील इलेक्ट्रोडवर पाहणे हा पहिला मार्ग होय, आणि त्याला एसएसईपी म्हणतात. मनगटापासून निघालेला संदेश साधारण 20 मिलिसेकंदांत मेंदूपर्यंत जातो, घोट्यापासूनच्या संदेशाला त्याच्या जवळजवळ दुप्पट वेळ लागतो. पडद्यावर उमटणाऱ्या या संदेशाच्या लाटेची उंची मूळ नोंदीच्या निम्म्याने घटली किंवा तिला लागणारा वेळ 10 टक्क्यांनी वाढला, की इशारा समजला जातो.

परंतु एसएसईपी मज्जारज्जूच्या मागच्या भागातून जाणाऱ्या संवेदनेच्या वाटा तपासते. हालचालीचे आदेश नेणाऱ्या वाटांचा रक्तपुरवठा मुख्यतः पुढच्या धमनीतून होतो, त्यामुळे त्या धमनीचा पुरवठा कमी झाल्यास संवेदनेची लाट ठीक दिसत असतानाही हातपाय निकामी होऊ शकतात. म्हणून दुसरा मार्ग लागतो, तो म्हणजे एमईपी. डोक्याच्या त्वचेवरून मेंदूला काही शे व्होल्टचे, पण अत्यंत अल्पकाळाचे झटके देऊन अंगठ्याच्या आणि पायाच्या स्नायूंत प्रतिसाद येतो का, हे त्यात पाहतात. मर्टन आणि मॉर्टन यांनी 1980 मध्ये कवटीवरून असे उद्दीपन करून दाखवले. या झटक्याने जबडा आवळला जातो, म्हणून जीभ चावली जाऊ नये यासाठी दातांमध्ये मऊ गुंडाळी ठेवतात. वडिलांना फिट्स येत असतील, पेसमेकर बसवलेला असेल किंवा पूर्वी कवटीची शस्त्रक्रिया झाली असेल, तर ते आधीच सांगा.

आमच्या क्षेत्रापुरते एक ठामपणे सांगतो. एमईपी पाहायचे असेल तर नेहमीची भूल चालत नाही. वायुरूप भुलीची औषधे हे प्रतिसाद दाबून टाकतात आणि स्नायू शिथिल करणारे औषध तर ते पुसूनच टाकते. म्हणून प्रोपोफॉल आणि वेदनाशामक औषध शिरेतून सतत देऊन भूल टिकवली जाते, आणि शिथिल करणारे औषध श्वासाची नळी घालताना एकदा दिले तर दिले, पुढे देत नाहीत. यंत्र भाड्याने आणले, पण भूल जुन्याच पद्धतीची दिली, तर तो खर्च पाण्यात गेला असे समजा.

उत्तर: चेता_तंत्रज्ञ

वरील उत्तराशी मी सहमत आहे. माझे काम पडद्यासमोर बसण्याचे असल्याने त्या बाजूने लिहितो.

धोका टळतो का, या प्रश्नाचे उत्तर असे की यंत्र धोका टाळत नाही, ते वेळेवर सांगते. सांगितल्यावर खोलीत काय होते यावर सगळे अवलंबून असते. इशारा आला की प्रथम नोंदीसाठी टोचलेली सुई निघाली आहे का, भुलीचा डोस बदलला का, शरीराचे तापमान उतरले का हे पाहतात, कारण बरेच इशारे असल्याच कारणांचे असतात. त्याच वेळी रक्तदाब वाढवतात, कारण दबलेल्या मज्जारज्जूला कमी रक्तदाब सोसत नाही. सरासरी दाब साधारण 85 मिमीच्या वर नेण्याची पद्धत आहे. तरीही प्रतिसाद परतला नाही तर शल्यचिकित्सक शेवटची कृती उलटवतात. मणके ताणले असतील तर ताण सैल करतात आणि चकतीच्या जागी जास्त उंचीचा तुकडा बसवला असेल तर तो काढतात.

अनेकांच्या लक्षात न येणारी गोष्ट म्हणजे इशारा कधीकधी सुरी लागण्याआधीच येतो. क्ष-किरणात खालचे मणके दिसावेत म्हणून दोन्ही खांदे चिकटपट्टीने पायांकडे ओढून बांधतात. हा ताण जास्त झाला तर हाताच्या नसांवर परिणाम होतो आणि मनगटाची लाट खाली येते. पट्टी सैल केली की ती बहुधा पूर्ववत होते. मान मागे वाकवल्यावरही तसे घडू शकते, म्हणून आपल्या वडिलांसारख्या रुग्णात मान शस्त्रक्रियेच्या स्थितीत आणण्यापूर्वीच मूळ नोंद घेतलेली बरी. मज्जारज्जू फार खराब झाला असेल तर पायांचा प्रतिसाद सुरुवातीपासूनच मिळत नाही, आणि जो मिळालाच नाही तो कमी झाला हे कसे कळणार?

उत्तर: बिंदुसरा

खर्चाबद्दल थोडेसे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतून शस्त्रक्रिया होणार असेल, तर यंत्राचा खर्च त्यात धरला आहे की वेगळा द्यावा लागेल, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून दाखल होण्याआधीच स्पष्ट करून घ्या. आवश्यकतेबद्दल मला असे वाटते की एकाच चकतीमुळे फक्त हाताची कळ असलेल्या रुग्णात हे यंत्र लावावे की नाही यावर डॉक्टरांतच दुमत आहे, पण मज्जारज्जूच दबलेला असताना ते लावण्याकडे बहुतेकांचा कल असतो.

प्रश्नकर्ता: पूर्णाकाठ

सर्वांचे आभार. एक शंका राहिली. यंत्रावर सर्व ठीक असतानाही एका रुग्णाचा खांदा नंतर उचलेना झाला, असे ऐकले. हे कसे?

उत्तर: भूलशास्त्र_लातूर

ती बहुधा मानेच्या पाचव्या नसेची कमजोरी असावी. सरासरी 5 टक्क्यांच्या आसपास रुग्णांत ती दिसते, आणि अनेकदा शस्त्रक्रियेनंतर काही तासांनी किंवा काही दिवसांनी उद्भवते. त्या वेळी तारा काढलेल्या असतात, त्यामुळे यंत्राला ते दिसणे शक्यच नसते. दाब सुटल्यावर मज्जारज्जू जागा बदलतो आणि नसेच्या मुळावर ताण येतो, हे त्याचे एक मानले जाणारे कारण आहे. बहुतेकांचा खांदा काही महिन्यांत सुधारतो, तोवर व्यायामोपचार चालू ठेवावे लागतात.

भेटीच्या वेळी शल्यचिकित्सकांना तीन गोष्टी विचारा: दोन्ही प्रकारच्या नोंदी घेणार का, पडदा वाचणारी व्यक्ती शेवटपर्यंत खोलीत असेल का, आणि भूलतज्ज्ञांना याची कल्पना दिली आहे का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर शक्यतो भूलतज्ज्ञांकडूनच घ्या.