शेल्टरमधली ९-१० वर्षांची पॉम (पॉमेरेनियन कुत्री) घरी आणू का? आई नको म्हणतेय

चहाबाज:
आम्ही पुण्यात राहतो, तिसरा मजला, लिफ्ट आहे, घरात मी आणि आई (६८). मागच्या रविवारी एका शेल्टरला गेलो होतो, खरं तर पिल्लू बघायलाच, तर तिथे सगळ्या कुत्र्यांनी जागा डोक्यावर घेतलेली आणि कोपऱ्यात एक पांढरी पॉम आपली भिंतीकडे तोंड करून बसलेली. जाळीतून बोट घातलं तर उठून आली, हुंगलं आणि परत जाऊन भिंतीकडे तोंड. ब्रीडरनं सोडलेली आहे म्हणाले, सड लोंबलेत, नसबंदी शेल्टरनं केलीये. डोळ्यांत निळसर झाक, तोंडाला भयंकर वास, आणि डॉक्टरांना हार्टमध्ये मर्मर (ठोक्यांबरोबर जादाचा आवाज) ऐकू आली. आई म्हणते, "म्हातारं कुत्रं आणायचं आणि दोन वर्षांत परत रडत बसायचं, बाबांचं झालं तेवढं पुरे." तिचंही चूक नाही. पण मला रोज रात्री ती भिंतच दिसते. काय करू?

मोगरा_७:
वयाला घाबरू नका हो, छोट्या जातीची कुत्री १४-१५ वर्षं सहज काढतात. आमचा बोका (कुत्रा आहे, नाव बोका) ११ वर्षांचा असताना आणला. दातांचा वास म्हणजे बहुतेक आत हिरड्या-दात खराब झालेले असतात, आमच्याचे भूल देऊन ७ दात काढले, मला वाटलं आता हा पेजेवर जगणार, तर आठवड्याभरात चटणी लावलेली भाकरी हातातून पळवली. चटणीत लसूण, कुत्र्यांना कांदा-लसूण चालत नाही, माझा जीव टांगणीला. ह्याला काही झालं नाही.

डोंबिवलीकर:
जरा कडू बोलतो. कुत्रं तुमचं की आईचं? तुम्ही दिवसभर ऑफिसात म्हणजे फडकं आईच्या हातात. पिंजऱ्यात राहिलेल्या कुत्रीला घरात शू करायची नसते हेच माहीत नसतं, आणि म्हातारपणी धरवतही नाही. आई मनापासून हो म्हणेपर्यंत आणू नका. फार तर शेल्टरला विचारा १५ दिवस फॉस्टरला, म्हणजे तात्पुरतं सांभाळायला, देता का.

ड्रेसिंगवाला:
क्लिनिकमध्ये ९ वर्षं कुत्री धरायचं काम करतोय, डॉक्टर नाही, तेवढं धरून वाचा. निळसर झाक म्हणजे मोतीबिंदूच असं नाही, वयानं भिंगाला तशी झाक येते आणि कुत्र्याला बऱ्यापैकी दिसत असतं. मर्मर छोट्या जातीत म्हातारपणी कॉमन आहे, झडप नीट मिटत नाही. आधी टूडी एको (हार्टची सोनोग्राफी), रक्त, किडनी, लिव्हर बघा आणि मगच दातांसाठी भूल, हा क्रम उलटा करू नका. घरी एक करा, गाढ झोपली की मिनिटाला श्वास मोजा, ३० च्या आत असतील तर ठीक, रोज वरच जायला लागले तर डॉक्टरकडे पळा. गळ्यात पट्टा नको, छातीभोवती बसणारा हार्नेस घ्या, ह्या जातीची श्वासनलिका नाजूक असते, ओढलं की बदकासारखं खोकतात. आणि ती बहुतेक पॉम नाहीच, इंडियन स्पिट्झ असेल, आपल्याकडे सगळ्यांना पॉमच म्हणतात.

मोगरा_७:
बदक अगदी बरोब्बर 😄

चहाबाज:
सगळ्यांचे आभार, उशीर झाला लिहायला. डोंबिवलीकर म्हणाले तसं फॉस्टरवर आणलीये, आज बारावा दिवस. पहिले तीन दिवस आई बोलली नाही, माझ्याशी पण नाही. शू दोनदा हॉलमध्ये, एकदा देवघरासमोर (त्यावर बरंच ऐकलं). श्वास मोजायचं मी फक्त सांगितलं होतं, तर आता रात्री आईच घड्याळ घेऊन बसते आणि बाबांच्या बीपीच्या वहीत लिहून ठेवते, काल २२. एको गुरुवारी आहे. भिंतीकडे तोंड करून अजून बसते, पण ती ओट्याखालची भिंत आहे आणि वर पोळ्या चालू असतात. हार्नेस कुठल्या साइजचा घेऊ, छाती १७ इंच भरली, आईनं ब्लाउजच्या टेपनं मोजली.