शब्दचर्चा : पूर्वग्रह, पक्षपात की 'तोंड पाहून वागणं'?

बायबल अभ्यासासाठी मराठीत टिपण लिहितेय, याकोबाच्या पत्राच्या 2ऱ्या अध्यायावर. विषय साधारण असा की पूर्वग्रह सोडून सगळ्यांवर सारखं प्रेम करा. आता अडलंय शब्दांवर. पूर्वग्रह, पक्षपात, भेदभाव, दुजाभाव हे सगळे मी एकाच अर्थाने वापरत होते पण लिहायला बसल्यावर वाटलं हे एक नाहीत. आणि 'निःपक्षपाती प्रेम' हे तर मला फार कोरडं वाटतं, निःपक्षपाती म्हटलं की न्यायाधीश किंवा पंच आठवतो, प्रेम नाही. तोंडदेखलेपणा चालेल का? जाणकारांनी सांगा प्लीज.

*

तोंडदेखलेपणा नको. तोंडदेखलं म्हणजे समोर असताना गोड, मनात काही नाही. तोंडदेखली विचारपूस, तोंडदेखलं हसू. तिथे खोटेपणाचा मुद्दा आहे आणि याकोबाची तक्रार खोटेपणाची नाहीये. त्याच्या प्रसंगात सोन्याची अंगठी आणि झगझगीत कपडे घातलेला एक माणूस सभेत येतो, मळक्या कपड्यातला एक गरीबही येतो, पहिल्याला म्हणतात इथे चांगल्या जागी बसा आणि दुसऱ्याला म्हणतात तू तिथे उभा राहा नाहीतर इथे पायाशी बस. ते स्वागत अगदी मनापासूनचं असेल हो, खोटं नसेलच, फक्त ते तोंड पाहून केलेलं आहे.

आणि मूळ शब्दात खरंच तोंड आहे. ग्रीक शब्द आहे प्रोसोपोलेम्प्सिया, प्रोसोपोन म्हणजे चेहरा आणि लाम्बानो म्हणजे घेणे. नव्या कराराच्या आधीच्या ग्रीक लिखाणात हा शब्द सापडत नाही, तो हिब्रू वाक्प्रचारावरून घडलाय, नासा पानीम, म्हणजे चेहरा वर उचलणं. समोर वाकलेल्या माणसाचं तोंड वर करायचं म्हणजे त्याच्यावर मेहेरबानी करायची, असं त्यामागचं चित्र सांगतात. नव्या करारात हे नाम चारदा येतं, रोम 2:11, इफिस 6:9, कलस्सै 3:25 आणि याकोब 2:1. त्यातल्या पहिल्या तीन ठिकाणी देवापाशी (किंवा धन्यापाशी) हे नाही असं सांगितलंय आणि याकोब म्हणतो मग तुमच्यापाशीही नको.

म्हणून मी सरळ 'तोंड पाहून वागणं' लिहीन. मराठीत चपखल बसतं.

*

वरच्या उत्तराला पूर्ण दुजोरा, एक भर घालतो. 'कोणाचा मुलाहिजा न ठेवता' म्हणतो ना आपण, तो मुलाहिजा अरबीतून फारसीमार्गे आलाय आणि त्याच्या मुळाशीही बघणं, नजर टाकणं हाच अर्थ आहे. म्हणजे तिकडेही गोष्ट बघण्यापासूनच सुरू होते. पूर्वग्रह मात्र डोक्यातला, आधीच धरून ठेवलेला ग्रह. (आणि कृपया पूर्वाग्रह लिहू नका, ते हिंदी.) पक्षपात ही कृती. पूर्वग्रह असूनही माणूस पक्षपात टाळू शकतो आणि, हे जास्त महत्त्वाचं, पूर्वग्रह गेल्यावरही पक्षपात करू शकतो.

*

हे शेवटचं कसं काय? पूर्वग्रह गेला तर पक्षपात कशाला होईल?

*

येशूचा शिष्य पेत्र, त्याचंच बघा ना. प्रेषितांची कृत्ये अध्याय 10, यापो गावात त्याला तीनदा दृष्टान्त होतो, मग तो कैसरियाला कर्नेल्य नावाच्या रोमी शताधिपतीच्या घरी जातो, यहूदी नसलेल्याचं घर म्हणून तिथे पाय ठेवणं त्याला आजवर निषिद्ध वाटायचं, आणि तिथे उभं राहून म्हणतो की देव तोंड पाहून वागत नाही हे आता मला खरोखर कळतंय. पूर्वग्रह संपला. पण गलतीकरांस पत्राच्या 2ऱ्या अध्यायात अंत्युखियात काय होतं? पेत्र परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहूदी नसलेल्यांबरोबर, जेवत असतो, याकोबाकडची माणसं येतात आणि हा हळूच मागे सरतो, वेगळा बसायला लागतो. का, तर पत्र लिहिणारा पौल स्पष्ट सांगतो की सुंता झालेल्यांच्या, म्हणजे यहूद्यांच्या, भीतीने. त्याचं मत बदललं नव्हतं हो, त्याला भीड पडली. बाकीचे यहूदी त्याच्यामागे गेले, पौलाचा सोबती बर्णबासुद्धा गेला. आणि पौलाने सगळ्यांदेखत तोंडावर सुनावलं, त्याने याला गैरसमज म्हटलं नाही, शुभवर्तमानाच्या सत्याला धरून नसलेलं वागणं म्हटलं.

याला मराठीत नेमका शब्द आहे, पंक्तिभेद. मला तर वाटतं टिपणात तो याच ठिकाणी यावा. पूर्वग्रह हा शब्द वापरला की सगळं मनावर जातं, माझ्या मनात काही नाही म्हटलं की माणूस सुटला. याकोब आणि पौल मनात शिरतच नाहीत आधी, ते विचारतात खुर्ची कोणाला दिलीस आणि जेवायला कोणाशेजारी बसलास.

*

पण मग गरिबांना झुकतं माप देणं हाही पक्षपातच की. याकोब स्वतःच पुढे 2:5 मध्ये म्हणतो की देवाने गरिबांना निवडलंय.

*

चांगला मुद्दा काढलात. जुन्या करारातलं लेवीय 19:15 वाचा, तिथे न्याय करताना मोठ्याचा मान राखू नकोस आहेच पण त्याआधी गरिबाचंही तोंड पाहू नकोस असं आहे. न्यायनिवाड्यात दोघांना एकच माप. पण तीनच ओळी पुढे, 19:18 मध्ये, शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर, आणि 19:34 मध्ये तेच परक्याबद्दल. याकोब 2:8 मध्ये ही शेजाऱ्याची आज्ञा घेतो आणि लगेच 2:9 मध्ये म्हणतो तोंड पाहून वागलात तर पाप करता. म्हणजे त्याच्या लेखी ही प्रीतीचीच बाब आहे, निव्वळ न्यायाची नाही. आणि सारखं प्रेम म्हणजे सगळ्यांना सारखंच वाटप असं मी तरी मानत नाही, जखमी माणसाला जास्त वेळ द्यावाच लागतो.

येशूने सांगितलेल्या शोमरोनी माणसाच्या गोष्टीत (वाटेत जखमी पडलेल्याला दोघे टाळून जातात, यहूदी ज्यांना तुच्छ मानत त्या शोमरोन्यांतला एक मात्र थांबतो) तर प्रेम कोरडं नाहीच. लूक 10:33 मध्ये 'कळवळा आला' यासाठी जे क्रियापद आहे ते आतड्यांवरून आलेलं आहे, त्याचं आतडं पिळवटलं असं आपण म्हणू. वाटेत पडलेला कोणाच्यातला हे न विचारता. आणि शास्त्र्याने, म्हणजे धर्मशास्त्राच्या जाणकाराने, येशूला विचारलं होतं माझा शेजारी कोण, म्हणजे यादी कुठे संपते ते सांगा, तर येशू उलट विचारतो की त्या तिघांतला शेजारी झाला कोण. शास्त्र्याचं उत्तरही बघा, तो शोमरोनी हा शब्द उच्चारत नाही, ज्याने दया केली तो म्हणतो.

*

खूप आभार सगळ्यांचे. पंक्तिभेद घेतेच. 'निःपक्षपाती प्रेम' काढून 'आपपर न बघता प्रेम' करावं म्हणते, की आपपरभाव जुनाट वाटेल तरुण मुलांना?

*

नाही वाटणार, ठेवा. फक्त मत्तय 5:45 तिथेच द्या, सूर्य दुष्टांवरही उगवतो आणि चांगल्यांवरही, पाऊसही दोघांवर, म्हणजे वेगळी व्याख्या लिहावी लागणार नाही.