विषय: वार्षिक सभेचा ठराव – अमृतसरचं विमान

नमस्कार मंडळी,
फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकी लष्करी विमानाने १०४ भारतीयांना हातापायांत बेड्या घालून अमृतसरला आणून सोडलं. त्यात महाराष्ट्राचेही तिघं होते. अमेरिकेतल्या आपल्या मंडळाने निषेधाचा ठराव करावा. ओबामांच्या काळात असं कधी झालं नव्हतं!
– श्रीकांत

श्रीकांत,
ठरावाला माझं अनुमोदन. शेवटचं वाक्य मात्र गाळ. २०१२ या एका आर्थिक वर्षात ओबामा सरकारने ४ लाख ९ हजारांवर लोकांना देशाबाहेर काढलं. बेड्यांची कार्यपद्धतीही २०१२ पासूनचीच, असं जयशंकर यांनी राज्यसभेत सांगितलं. जाळीमागे झोपलेल्या मुलांचा जो फोटो २०१८ मध्ये ट्रम्प यांच्या नावाने फिरला, आपल्यातल्या कित्येकांनी पुढे ढकलला, तो २०१४ चा, ॲरिझोनातल्या नोगालेसचा. तेव्हा आपण गप्प होतो.
म्हणून दोघं सारखेच, असंही मी म्हणणार नाही. सीमेवर मुलांना आईबापांपासून सरसकट तोडायचं धोरण २०१८ चंच. ते ज्याचं त्याच्या पदरात घालावं.
– विद्या

विद्याताई,
डंकीने, म्हणजे चोरवाटेने, घुसलेल्यांसाठी मंडळाने का रडायचं? आपण रांगेत उभे राहिलो, ग्रीन कार्डाची वाट बघत केस पांढरे केले. कायदा तो कायदा.
– मधुकर

मधुकरराव,
व्हिसा संपल्यावर थांबलेले आपल्यातही आहेत. नावं घेत नाही, सगळ्यांना ठाऊक आहेत. त्यांच्यासाठी आपण वकील शोधतो, वर्गणीसुद्धा काढतो. तेव्हा ती ‘बिचाऱ्याची अडचण’ असते.
आणि कायद्याचंच म्हणाल तर मीरा रोडचं बघा. २०२५ च्या जूनमध्ये मुंबई परिसरात राबणारे काही बंगाली मजूर पोलिसांनी बांगलादेशी म्हणून उचलले आणि त्यांना सीमेपलीकडे ढकलण्यात आलं. निघाले भारतीय! पश्चिम बंगाल सरकारने धावाधाव केल्यावर परत आणावे लागले. बोलीवरून, नावावरून माणूस परका ठरवायचा, हे इथल्या धाडींत झालं की आपण त्याला वंशवाद म्हणतो. मीरा रोडला झालं तेव्हा याच गटात ‘सफाई चालू आहे’ म्हणून अंगठे उमटले होते.
– विद्या

ताई,
भारतातलं राजकारण मंडळात आणायचं नाही, असं ठरलंय.
– श्रीकांत

श्रीकांत,
अमृतसर भारतातच आहे रे.
मसुदा जोडलाय, दोनच वाक्यं आहेत: ‘कोणत्याही देशात, सुनावणीशिवाय कुणालाही हद्दपार करू नये. पळून जाण्याचा वा इजा करण्याचा धोका नसेल तर बेड्या घालू नयेत.’ मधुकररावांना ‘कोणत्याही देशात’ हे शब्द नको असतील, तर तशी दुरुस्ती त्यांनी सभेत स्वतःच्या नावाने मांडावी. मतदान घेऊ.
– विद्या