एडास चालू असताना ठोकली तर जबाबदार कोण?

सातरस्ता_सोलापूर:
मोठ्या भावानं दिवाळीत नवी गाडी घेतली, लेव्हल २ एडासवाली, म्हणजे वेग, ब्रेक, स्टेअरिंग सांभाळायला गाडीच मदत करते ती. परवा रात्री पुण्याहून येताना टेंभुर्णी सोडली आणि यानं क्रूझ, लेन असिस्ट सगळं लावून फोन काढला. हात ठेवा म्हणून मेसेज आला की स्टेअरिंगला दोन बोटं लावायची, परत फोन. मोडनिंबच्या अलीकडं पुढं उसाची ट्रॉली, मागं ना लाईट ना रेडियम, नुसती उसाची टोकं बाहेर आलेली. गाडीचा वेग काय कमी होईना, मी ओरडलो तेव्हा यानं ब्रेक हाणला. हातभर अंतर राहिलं. आता घरात वाद, भाऊ म्हणतो ठोकली असती तर कंपनीवर केस टाकली असती, वडील म्हणतात ट्रॉलीवाल्यावर, मी म्हणतो तुझ्यावरच. खरं काय ओ?

कोर्टगल्ली:
भावावर. गाडी स्वतः किती चालवते त्याच्या लेव्हल शून्य ते पाच असतात, २ पर्यंत रस्त्यावर लक्ष ठेवणं ड्रायव्हरचंच काम. पोलीस स्टेअरिंगमागं कोण होता तेच बघणार. आणि हातात फोन म्हणजे मोटार वाहन कायद्याचं कलम १८४, २०१९ च्या दुरुस्तीपासून तो धोकादायक ड्रायव्हिंगमध्येच मोजतात. ट्रॉलीवाला पण सुटणार नाही, पण त्यानं भाऊ वाचत नाही.

जुना_मेकॅनिक:
एवढं सोपं नाही बे. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेत टेम्पीला उबरच्या आपोआप चालणाऱ्या, टेस्टिंगच्या गाडीनं रात्री सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या बाईला उडवलं, ती गेली. गाडीला ५.६ सेकंद आधी ती दिसली होती, पण ही गाडी आहे का सायकल आहे का अजून काय, हेच ठरवत बसली. गाडीचा मूळचा इमर्जन्सी ब्रेक कंपनीनं बंद ठेवलेला, गाडीवर लक्ष ठेवायला आधी दोन माणसं बसायची तिथं एकच ऑपरेटर ठेवलेली, आणि ती फोनवर शो बघत होती. तपासात कंपनीच्या सेफ्टीवर पण ताशेरे आले, पण फौजदारी केस झाली ती फक्त ऑपरेटरवर. २०२३ ला तिनं गुन्हा कबूल केला, ३ वर्षं प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली राहायचं. तिची चूक होतीच की, पण एकट्या माणसाला रात्रभर नुसतं बघत बसवलं कुणी?

डबलक्लच:
बावीस वर्षं ट्रकवर आहे. चालवणाऱ्याच्या आधी क्लीनर झोपतो, कायम. हातापायाला काम असलं की डोळा उघडा राहतो, नुसतं बघत बस म्हणलं की दहा मिनिटांत मान पडते. तुमच्या भावाला गाडीनं क्लीनर करून ठेवलंय आणि लायसन्स मात्र ड्रायव्हरचं.

सातरस्ता_सोलापूर:
हे सगळं भावाला वाचून दाखवलं. म्हणतो, मी फोन बघत नव्हतो, मॅप लावलेला.

डबलक्लच:
टेंभुर्णी ते सोलापूर सरळ रस्ता, मॅप कशाला लागतोय बे त्याला 😂